मी स्पेनला होते ते वर्ष

मी खरोखर स्पेनला राहत होते त्या वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांना वाटत होतं की मी इंग्लंडातच, युनिव्हर्सिटीत, शेवटच्या वर्षाला आहे. आणि त्याच्या आदल्या वर्षी, जेव्हा मी स्पेनला आहे हे सगळ्या मंडळाला तोंडपाठ होतं, तेव्हा मी लंडनच्या कडेला, पिनरमध्ये, आईबाबांच्या घरी, वरच्या मागच्या खोलीत पडदे ओढून बसले होते. हे सगळं माझ्या आईने जुळवून आणलं. तिला विचाराल तर ती आजही म्हणेल, पोरीच्या भल्यासाठी केलं. भलं कसलं, डोंबल.

मी स्पॅनिश शिकत होते. बाबा भूलतज्ज्ञ, आई जीपी, मंडळातली निम्मी घरं डॉक्टरांची आणि त्यांची मुलं मेडिसिनला. त्यात आमच्या घरात हे खूळ. आईला ते पचायला दोन वर्षं लागली. पण आमच्या डिग्रीत तिसरं वर्ष परदेशात काढावं लागतं हे तिला कळलं आणि तिचा नूरच बदलला. 'माझी लेक पुढच्या वर्षी स्पेनला असणार' हे वाक्य तिने हळदीकुंकवापासून डेंटिस्टच्या वेटिंग रूमपर्यंत सगळीकडे फिरवलं.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत माझा एक पेपर गेला. ऑगस्टमध्ये रीसिट, म्हणजे फेरपरीक्षा, दिली. रीसिटला कोण नापास होतं, असं म्हणत आईने निकालाच्या आधीच घरी माझा निरोपसमारंभ उरकून घेतला. श्रीखंड-पुरी झाली, औक्षण झालं. एका काकूंनी मेतकूट दिलं, दुसरीने सनक्रीम. वॉटफर्डहून माझी आजी आली होती, म्हणजे आईची आई. तिने मला कोपऱ्यात घेऊन मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. पुढच्या आठवड्यात निकाल आला. मी पुन्हा नापास. युनिव्हर्सिटीने कळवलं की स्पेनची प्लेसमेंट रद्द, वर्षभर थांबा, मे महिन्यात पेपर द्या, तेव्हाही गेला तर डिग्री संपली.

मी रडत खाली आले. आई ओट्याशी उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "आता मी लोकांना काय सांगू?"

"नापास झाली म्हणून सांग," मी म्हणाले.

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी भर बाजारात तिचा पदर ओढलाय. काही वर्षांपूर्वी मंडळातल्या एका मुलाने मेडिसिन अर्ध्यावर सोडलं होतं. त्याच्या आईबद्दल मंडळात काय काय बोललं गेलं ते माझ्या आईला अक्षरन् अक्षर ठाऊक होतं, कारण त्यातलं निम्मं तीच बोलली होती. त्या बाई पुढे मंडळात यायच्या बंद झाल्या. तेव्हा ठरल्या दिवशी मी स्पेनला गेले. हीथ्रोपर्यंत आम्ही तिघं खरोखर गेलो. आत फोटो काढला, कॉफी प्यायलो, फोटो मंडळाच्या ग्रुपवर पडला. परत येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी आई म्हणाली, "आता जरा आडवी हो," आणि मी मागच्या सीटवर आडवी झाले. बाबा गप्प होते. बाबा जन्मात कधी बोलले असतील तर ते ऑपरेशन थिएटरमध्ये, पेशंटला भूल दिल्यावर.

मग नियम आले. बेल वाजली की मी जिन्यावरसुद्धा यायचं नाही. बागेत जायचं तर अंधार पडल्यावर. पिनरच्या हाय स्ट्रीटचं तर नाव काढायचं नाही, तिथे मंडळातल्या दोघीतिघी रोज दूध-ब्रेडला यायच्या. शुक्रवारी आईच्या मैत्रिणी चहाला जमायच्या तेव्हा मी वर पलंगावर मांडी घालून बसायचे, कारण लाकडी जमिनीची एक फळी करकरायची. खालून माझंच कौतुक ऐकू यायचं. मी सेव्हियाला राहते, माझी घरमालकीण फार प्रेमळ आहे, मी ऑलिव्ह खायला लागले आहे. मला ऑलिव्ह बघवतसुद्धा नाहीत.

गणपतीत कहर झाला. मंडळाचा गणपती हॅरोमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो. आईने कार्यक्रमात जाहीर करून टाकलं की यंदा एक आरती थेट स्पेनहून येणार. तिने मला पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं, बिनबाह्यांचा टॉप घालायला लावला, केस उडावेत म्हणून टेबलफॅन लावला. मी आरती म्हटली. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर ती दाखवली तेव्हा काही बायकांचे डोळे पाणावले म्हणे. आजी पहिल्या रांगेत होती. कार्यक्रम संपल्यावर तिने आईला विचारलं, "पोरगी वाळली का गं? तिथे भात मिळतो ना तिला?"

आजीबद्दल सांगायला हवं. मी आठ वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इकडे आलो. आई आणि बाबा दोघांच्याही ड्यूट्या, म्हणून आजोबा गेल्यावर आईने आजीला बोलावून घेतलं. शाळेतून घरी आले की घरात असायची ती आजी. माझं इंग्लिश, माझे केस, माझी पाळी, वर्गातल्या पोरांनी माझ्या डब्याला नाकं मुरडली तो दिवस, सगळं तिने निस्तरलं. पुढे मामाला मुलं झाली आणि ती वॉटफर्डला त्याच्याकडे गेली. पत्त्यांत चोरायची, आणि पकडलं की म्हणायची, "म्हातारीला जिंकू द्यावं जरा, पुण्य लागतं." मला या जगात एका माणसाची ओढ होती तर तिची. आणि तिलाही सांगायचं नाही, असं आईने बजावलं होतं. "तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज तिला सांग, उद्या वॉटफर्डभर होईल."

म्हणून आजी व्हिडिओ कॉल करायची आणि मी पांढऱ्या भिंतीसमोर बसायचे. आई फोनच्या मागे उभी राहून बोटांनी खुणा करायची. स्पेनची वेळ एक तास पुढे, तेवढी जमेस धरून मी 'आत्ताच जेवले' की 'जेवायचंय' ते ठरवायचे. एकदा आजी म्हणाली, "खिडकीतून तुझा रस्ता तरी दाखव गं, मी काय आता तिकडे येत नाही." मी म्हटलं, रेंज जाते खिडकीपाशी. ती म्हणाली, "बरं, असू दे." तिने विश्वास ठेवला. पत्त्यांत माझी प्रत्येक लबाडी ओळखणाऱ्या बाईने यावर विश्वास ठेवला, कारण असल्या बाबतीत कोणी खोटं बोलेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या मध्ये बसने तासाभराचं अंतर होतं.

हिवाळ्यात मला घरात वेड लागायची वेळ आली. आईलाही माझं तोंड बघून कंटाळा आला असावा. तिने स्लाऊचं नाव काढलं. स्लाऊच्या वेअरहाऊसमध्ये आपलं कोणी कशाला दिसतंय, आपले लोक फार तर तिथल्या आयटीच्या ऑफिसांत. म्हणून बाबा सकाळी कामावर जाता जाता मला तिथे सोडायला लागले. लोकांनी ऑनलाइन मागवून परत पाठवलेले कपडे उघडायचे, डाग बघायचे, वास घ्यायचा, पुन्हा घडी घालून पिशवीत भरायचे, हे काम.

माझ्या टेबलावर दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोरच्या तिघी होत्या. दिवसभर स्पॅनिश. ज्या भाषेसाठी स्पेनला जायचं ती मला स्लाऊला, दुसऱ्यांच्या घामेजलेल्या ब्लाउजांच्या ढिगापाशी भेटली. मी पहिलं वाक्य बोलले तेव्हा त्या तिघी पोट धरून हसल्या. थोरली म्हणाली, "ही तर टीव्हीवरच्या बातम्या देतेय." पुढे महिनाभर माझं नाव 'बातम्या' होतं. कोणाला दया वगैरे नव्हती. चुकले की माझी नक्कल करायच्या, तीसुद्धा पलीकडच्या टेबलांना ऐकू जाईल अशी. पण मी शिकले. दोन वर्षं वर्गात बसून जे आलं नाही ते तिथे आलं, कारण तिथे गप्प बसलं तरी चेष्टा आणि बोललं तरी चेष्टा, मग बोललेलं काय वाईट. मे महिन्यात मी तो पेपर चांगल्या मार्कांनी काढला आणि पुढच्या सप्टेंबरात गुपचूप स्पेनला गेले. तिथे पहिल्याच दिवशी घरमालकिणीने विचारलं, हे असं वखारीतलं स्पॅनिश कुठे शिकलीस? पण ते पुढचं. आजी मार्चमध्येच गेली.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला हॉस्पिटलात ठेवलं. आधी न्यूमोनिया, मग हृदय थकलं. मी आईला म्हटलं, मला जायचंय. आई म्हणाली, बरी होईल ती, तू मध्ये गोंधळ घालू नकोस. चार दिवसांनी पुन्हा म्हटलं. आई म्हणाली, वॉर्डात सारखी मंडळातली माणसं असतात, आणि तसंच होतं. आमच्या लोकांत आजारी माणसाला एकटं सोडत नाहीत. बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. सकाळी एक जोडी, दुपारी एक जोडी, संध्याकाळी डबा घेऊन तिसरी. इतकी प्रेमळ माणसं की सख्ख्या नातीला आत शिरायला फट राहिली नाही.

मी हे टेबलावर बोलले. एक्वादोरच्या थोरलीच्या हातातला शर्ट तसाच राहिला. "तुझी आजी तासाभराच्या अंतरावर मरायला टेकलीय," ती म्हणाली, "आणि तू इथे दुसऱ्याच्या पँटींचा वास घेतेस?" मी समजावायला लागले, मंडळ, आई, अब्रू. अब्रूला स्पॅनिशमध्ये शब्द आहे, मला येत होता, पण वापरल्यावर ती माझ्याकडे बघून थुंकल्यासारखं हसली आणि पाठ फिरवून कामाला लागली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. मला राग आला तो तिचा नाही. मी सुपरवायझरला पोट दुखतंय म्हणून सांगितलं, बाहेर पडले आणि बस पकडली.

वॉर्डाच्या दाराला काचेची उभी पट्टी होती. त्यातून आजी दिसली. उशा लावून बसवली होती. जागी होती. मंडळातल्या एक काकू तिच्या मागे बसून तिचे केस विंचरत होत्या, दुसऱ्या मोसंबी सोलत होत्या. केस केवढेसे उरले होते. काकू खसाखसा फणी ओढत होत्या आणि आजी डोळे बारीक करून सोसत होती. तिच्या टाळूला एका जागी दुखतं, तिथे फणी टेकवायची नसते, हे मला माहीत होतं, त्यांना कुठून असणार. मी दाराला हात लावला तेवढ्यात आईने मला पाहिलं. ती पलंगाच्या पायथ्याशी होती. ती हसत हसत त्या दोघींना काहीतरी म्हणाली, बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि माझ्या दंडाला धरून मला लिफ्टपाशी नेलं.

"तुला अक्कल आहे का?" ती हळू आवाजात म्हणाली. "आत दोघी बसल्यात."

"बसू दे. मी स्पेनहून आत्ता आले म्हणून सांग."

"त्या वेअरहाऊसच्या पिवळ्या जाकिटात?"

मी खाली बघितलं. जाकीट काढायचं राहिलं होतं. मी ते काढायला लागले तर तिने माझा हात धरला. "झोपलीय ती," ती म्हणाली. मी आजीला जागी बघितलेलं तिला ठाऊक होतं, तरी माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. "उद्या सकाळी ये. आठच्या आत कोणी नसतं, मी स्वतः तुला आत सोडते. आज तू आत गेलीस तर मला उद्यापासून या गावात तोंड दाखवायला जागा नाही. एवढं कर माझ्यासाठी." तिचे डोळे भरून आले. आतमध्ये तिचीच आई होती, हे मी तेव्हा विसरले नव्हते, आणि आजही मी तिला त्यातला एक कणही माफ करत नाही. लिफ्ट आली. तिने मला आत ढकललं नाही, नुसता दंड सोडला. मी गेले.

आजी पहाटे गेली. सातला फोन आला तेव्हा मी कपडे करून, केस बांधून, बाबांची वाट बघत जिन्यावर बसले होते.

अंत्यविधीला आठवडा लागला, इथे लागतोच. तेवढ्यात आईने माझं येणं बसवलं. स्पेनहून येणारी मुलगी हात हलवत कशी येईल, म्हणून माळ्यावरची मोठी चाकांची बॅग काढली. सकाळी बाबांनी मला वॉटफर्ड जंक्शनला सोडलं आणि तिथून मी टॅक्सी करून, बॅग ओढत, मामाच्या दारात उतरले. दारातच बायका गळ्यात पडल्या. किती धावपळ झाली गं तुझी. एवढ्या लांबून आलीस. शेवटी भेट नव्हती नशिबात. केस विंचरणाऱ्या काकूंनी माझा चेहरा हातात घेतला आणि म्हणाल्या, "सारखं तुझंच नाव होतं बघ तोंडात." आई शेजारी उभी राहून डोळे पुसत होती.

क्रेमेटोरियमहून परत आल्यावर सगळे मामाकडे जमले. कोणी पिठलं-भात आणला होता. माझी बॅग पॅसेजमध्ये सगळ्यांच्या पायात येत होती, म्हणून मामा ती आजीच्या खोलीत ठेवायला निघाला. त्याने जड समजून जोर लावून उचलली आणि ती एकदम त्याच्या छातीपर्यंत वर आली. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो जिना चढला आणि वरून त्याने मला हाक मारली.

आजीच्या खोलीत त्याने दार लावलं. बॅगेची चेन उघडी होती. "ही रिकामी आहे," तो म्हणाला.

"हो."

"स्पेनहून रिकामी बॅग आणलीस?"

मला त्या दिवसात पहिल्यांदा कोणीतरी खरा प्रश्न विचारला होता. "मी स्पेनला गेलेच नाही मामा," मी म्हणाले. "इतके महिने पिनरलाच आहे. मी नापास झाले होते. हॉस्पिटलातही आले होते, ती गेली त्याच्या आदल्या दिवशी. आईने दारातून परत पाठवलं."

तो आजीच्या पलंगावर बसला. मग म्हणाला, "डॉक्टरांनी सोमवारीच सांगितलं होतं, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मी तिच्या शेजारी लॅपटॉप उघडून तुझं तिकीट काढायला बसलो होतो. तिने झाकण बंद केलं माझ्या हातावर. म्हणाली, नको बोलावू. तिचं एकुलतं एक वर्ष आहे ते, पोर अर्धवट टाकून धावत येईल. जूनमध्ये येणारच आहे, तोवर मी कुठे जाते."

मी विचारलं, "आई कुठे होती तेव्हा?"

"तिथेच. पलंगाच्या पलीकडच्या बाजूला."

"काही बोलली नाही?"

"म्हणाली, बरोबर आहे आई तुझं."

तो उठला, दारापर्यंत गेला. खालून आईच्या रडण्याचा आवाज येत होता, बायका तिला समजावत होत्या. मला वाटलं आता हा खाली जाईल आणि सगळ्यांसमोर एकदाचं बोलेल. त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तो परत आला. त्याने आजीचं कपाट उघडलं. तिच्या साड्या, दोन शाली, मरून कार्डिगन, पायमोज्यांचे गुंडाळे, एकेक करून माझ्या बॅगेत भरायला लागला. डोळे कोरडे.

"मामा, काय करतोस?"

"निघताना कोणीतरी ही उचलणार," तो म्हणाला. "तुझे बाबा पुढे व्हायच्या आत चार जण हात लावतील." त्याने बॅग उचलून बघितली, पुन्हा खाली ठेवली, आजीचे चालायचे बूट वर टाकले आणि चेन ओढली. "आता ठीक आहे. आणि हे जे मला सांगितलंस ते दुसऱ्या कोणाला सांगू नकोस. माणसं दुःखात आहेत."

तो म्हणाला तसंच झालं. आम्ही निघालो तेव्हा एका काकांनी माझ्या हातातून बॅग घेतली, गाडीच्या डिकीत टाकताना त्यांना धाप लागली, आणि ते म्हणाले, काय भरून आणलंस गं एवढं. आई दारात उभी राहून ते बघत होती. तिने ती बॅग सकाळी स्वतः रिकामी माझ्या हातात दिली होती.

गाडी वळणावर गेल्यावर तिने मागे वळून मला विचारलं, "बॅगेत काय आहे?"

"तुझ्या आईच्या साड्या," मी म्हणाले.

तिने क्षणभर विचार केला आणि पुढे बघत सीटबेल्ट नीट केला. "बरं झालं," ती म्हणाली. "मला सुचलंच नव्हतं."